गर्भधारणेआधी रुबेलाची टेस्ट: रिपोर्ट 'निगेटिव्ह' आलाय, आता?

रातराणी | सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार. एरवी मी नुसती वाचून जाणाऱ्यांतली. आज झोप येत नाहीये म्हणून धागा काढतेय.

आम्ही बाळाचा विचार करतोय. डॉक्टरांनी सुरुवातीलाच रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर वगैरे, आणि त्यातच रुबेला आयजीजी. बाकी सगळं ठीक. रुबेलापुढे आकडा ३.२ आणि शेजारी 'निगेटिव्ह'. मी खूश! म्हटलं, चला, रोग नाही. तर डॉक्टर म्हणाल्या, "निगेटिव्ह म्हणजे तुला संरक्षण नाही. लस घे आणि पुढचा महिनाभर दिवस जाऊ देऊ नकोस."

माझं वय ३४. आधीच 'उशीर झाला' हे सगळ्यांकडून ऐकून कान किटलेत, त्यात हा आणखी एक महिना. लस खरंच घ्यायलाच हवी का? रुबेला म्हणजे लहान मुलांचं साधं पुरळ ना? आणि जिवंत विषाणूची लस ऐकूनच पोटात गोळा आला. कुणी घेतली असेल तर अनुभव सांगा.

हट्टी_मांजर | सोमवार, रात्री ११.५८

निगेटिव्ह बघून खूश होणारी तू पहिली नाहीस. मी तर नवऱ्याला फोन करून कळवलं होतं. :)

घे लस. उरलेलं उद्या लिहिते, झोप आता.

कुपीतली_गोष्ट | मंगळवार, सकाळी ८.१५

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे हा घोळ रोजचाच. उलटा घोळ जास्त होतो. मागच्या आठवड्यात एक मुलगी काउंटरवर आली, हातात रिपोर्ट, 'पॉझिटिव्ह' या शब्दाभोवती कुणीतरी लाल पेनाने गोल केलेला, आणि डोळे रडून सुजलेले. तिचा आयजीजी होता ८६. म्हणजे पूर्वी कधीतरी लस घेतली असेल किंवा आजार होऊन गेला असेल, आणि आता ती सुरक्षित आहे. तिला हे एका वाक्यात कुणी सांगितलंच नव्हतं.

तर आयजीजी ही अँटिबॉडी म्हणजे जुनी आठवण. शरीराने हा विषाणू (किंवा लसीतला त्याचा दुबळा भाऊ) आधी पाहिलाय, याची खूण. बहुतेक ठिकाणी एका मिलिलिटरमागे १० आंतरराष्ट्रीय युनिट किंवा त्याहून जास्त आकडा आला की 'संरक्षण आहे' असं धरतात. त्याच्या अलीकडे थोडा 'सांगता येत नाही' असा पट्टा असतो, त्याच्याही खाली निगेटिव्ह. हे पट्टे किटप्रमाणे थोडे बदलतात, म्हणून आकडा नेहमी त्याच रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेल्या मर्यादेशी ताडून बघायचा. मैत्रिणीच्या रिपोर्टशी नाही. आणि ८६ वालीला १५ वालीपेक्षा 'जास्त झालाय' असंही काही नसतं.

रातराणी, तुझा ३.२ म्हणजे सरळसरळ निगेटिव्ह. त्यात शंकेला जागा नाही.

जुनीजाणती | मंगळवार, सकाळी १०.०५

आमच्या वेळी कुठे होत्या या टेस्टा? तीन मुलं झाली, तिन्ही धडधाकट. हल्ली दिवस राहायच्या आधीच बाईला पेशंट करून टाकतात. मुलींनो, घाबरू नका, मन प्रसन्न ठेवा, बाकी सगळं होतं नीट.

हट्टी_मांजर | मंगळवार, सकाळी १०.२०

काकू, तुम्हाला लहानपणीच होऊन गेला असेल आणि पत्ताही लागला नसेल. लस नव्हती तेव्हा बहुतेकांना तो लहानपणीच गाठायचा. ज्यांना नाही गाठलं त्यांचं काय झालं, ते आपल्याला ऐकू येत नाही एवढंच.

उन्हाची_तिरीप | मंगळवार, दुपारी ३.३०

ऐकू येत नाही म्हणालात म्हणून लिहिते. इथे याबद्दल कधी लिहिलं नव्हतं.

माझी मुलगी आता २२ वर्षांची आहे. मला दुसरा महिना होता तेव्हा मी लहान मुलांना शिकवत होते. वर्गात दोघातिघांना पुरळ उठलं होतं. मलाही आलं. चेहऱ्यावर फिकट गुलाबी ठिपके, मग अंगावर, तिसऱ्या दिवशी गायब. कानामागे दोन गाठी लागत होत्या, ताप म्हणावा असा ताप नाही. मी एक दिवसही रजा घेतली नाही. कुणाला सांगावं असं त्यात काही वाटलंच नाही.

ती जन्मली तेव्हा वजन कमी होतं आणि हृदयात मर्मर होती, जन्मानंतर बंद व्हायची रक्तवाहिनी उघडीच राहिली होती. डोळ्याचं मला फोटोत कळलं. फ्लॅश पडल्यावर एका डोळ्यात लाल चमक आणि दुसऱ्यात दुधासारखा पांढरा ठिपका. मोतीबिंदू, सहा आठवड्यांच्या बाळाला. आणि कान. दार वाऱ्याने आपटलं की मी दचकायची, ती मात्र झोपलेलीच. मी सगळ्यांना सांगायचे, किती शांत बाळ आहे बघा.

डोळा, हृदय, कान. हे त्रिकूट पुस्तकात एका ओळीत येतं, आमची त्यात पाच वर्षं गेली. आज ती शिकतेय, भांडते, मला खुणांच्या भाषेत टोमणे मारते. ती असायला नको होती असा याचा अर्थ कुणी काढू नका. पण दंडाला एक सुई टोचून हे टळलं असतं, हे मला तिच्या जन्मानंतर कळलं.

जुनीजाणती | मंगळवार, दुपारी ४.१०

तिरीप, मी सकाळी लिहिलेलं मागे घेते. लेकीला आशीर्वाद.

फक्त_वाचक | मंगळवार, संध्याकाळी ५.००

वाचनखूण साठवली.

स्टेथोस्कोपवाली_मावशी | मंगळवार, रात्री ९.४५

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पण या धाग्यावर कुणाचीच डॉक्टर नाही. तुमच्या तब्येतीचं तुमच्या डॉक्टरांशीच बोला. सर्वसाधारण सांगते.

रातराणी, 'साधं पुरळ' हे तू बरोबर ऐकलंयस. ते मुलांसाठी. मोठ्या बाईलाही फार तर काही दिवस सांधे दुखतील. पुरळ यायच्या आधी सात दिवस आणि नंतर साधारण सात दिवस माणूस इतरांना तो देत असतो, आणि लागण झालेल्यांपैकी पाव ते निम्म्या लोकांना काही लक्षणच नसतं. त्यामुळे 'पुरळ आलेल्यांपासून लांब राहीन' या बेताला अर्थ नाही. अडचण सगळी गर्भाची. पहिल्या १२ आठवड्यांत आईला लागण झाली तर बाळावर परिणाम होण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत जाते. त्यानंतर ती उतरत जाते, २० आठवड्यांनंतर व्यंग सहसा होत नाही. म्हणजे सगळ्यात वाईट काळ कोणता, तर पाळी चुकल्याचं कळेकळेपर्यंत निम्मा संपून जातो तो. आणि गरोदरपणात लागण झाल्यावर ती उलटवणारं औषध नाही, गरोदरपणात लसही देत नाहीत. म्हणून सगळी धडपड आधीची.

एका मात्रेने सुमारे ९५ टक्के लोकांना संरक्षण मिळतं. महिनाभर थांबायला सांगतात ते काळजीपोटी. लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते, म्हणून तो मध्ये अंतर राखण्याचा नियम. पूर्वी तीन महिने सांगायचे. नोंदी बघत बघत ते २८ दिवसांवर आणलं. तेव्हा ३४ वय आणि एक महिना हे गणित फार मोठं करू नकोस. त्या महिन्यात फॉलिक ॲसिड सुरू कर, तेही तीन महिने आधीपासून घेतलेलं बरं. म्हणजे महिना फुकट गेला असं नाही.

कुणी घेऊ नये: गर्भवती, प्रतिकारशक्ती खूप कमी झालेले (केमोथेरपी, जास्त मात्रेचं स्टेरॉइड वगैरे), आणि निओमायसिनची किंवा आधीच्या मात्रेची तीव्र ॲलर्जी आलेले. नुकतंच रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर तेही सांगायचं, थांबावं लागतं.

अर्धविराम | मंगळवार, रात्री १०.३०

मला यात एक भर घालायचीच आहे: टेस्ट करायची ती आधी. दिवस राहिल्यावर उगाच नको.

मी केली नव्हती. नववा आठवडा चालू असताना एका ठिकाणी 'टॉर्च पॅनेल' नावाचं (रुबेलासकट बऱ्याच संसर्गांच्या टेस्टांचा गठ्ठा) सगळंच एकदम करून टाकलं, कारण काय तर पॅकेजमध्ये होतं. मला ना पुरळ, ना ताप, ना कुणाशी संपर्क. रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम 'बॉर्डरलाइन'. तिथल्या माणसाने रिपोर्ट हातात देताना सांगितलं, "ताजी लागण दिसतेय, पुढे ठेवायचं का विचार करा." असं, उभ्या उभ्या, मागे रांग असताना.

पुढचे सोळा दिवस मी कसे काढले ते मला लिहिता येणार नाही. नवरा रात्री उठून बघायचा मी झोपलेय का. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ही टेस्ट केलीच का?" मग त्यांनी आयजीजी ॲव्हिडिटी करायला लावली. ती 'उच्च' आली, म्हणजे लागण किंवा लस बरीच जुनी. आयजीएम खोटा होता. आईने कपाटातून लहानपणचं कार्ड शोधून काढलं तर त्यावर एमएमआरचा (गोवर, गालगुंड, रुबेला यांची एकत्र लस) शिक्का. मुलगा आता दीड वर्षाचा आहे आणि मी हे लिहीत असताना चप्पल चघळतोय.

कुपीतली_गोष्ट | मंगळवार, रात्री १०.५०

अर्धविराम, हे वाचून वाईट वाटलं, आणि नवल अजिबात वाटलं नाही.

आयजीएम ही ताज्या लागणीची खूण मानतात, पण ती फसवते. दुसऱ्याच विषाणूमुळे (पार्वो, ग्रंथिज्वराचा एपस्टीन-बार) किंवा रक्तातल्या संधिवाताच्या घटकामुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. काहींत लशीनंतर किंवा जुन्या लागणीनंतरही बरेच महिने रेंगाळते. रुबेला जिथे दुर्मिळ, तिथे तर पॉझिटिव्ह आलेल्यांत खोट्याच जास्त. ॲव्हिडिटी म्हणजे अँटिबॉडीची पकड किती घट्ट ते. नव्या अँटिबॉडी सैल धरतात, काही महिन्यांनी पकड घट्ट होते. नवी सून आणि मुरलेली सून, असं आमचे सर सांगायचे. (उपमा त्यांची, भांडण त्यांच्याशी.)

मूल ठरवताय, लक्षण काही नाही, तर फक्त आयजीजी पुरतो. आयजीएम मागायचाच नाही.

बिनकामाचा_नवरा | बुधवार, सकाळी ७.५०

एक पुरुषी शंका. हे सगळं बायकोनेच का? आम्ही नुसतं धागे वाचायचे?

सनावळी | बुधवार, सकाळी ९.३०

वा, ही शंका एका अख्ख्या देशाला महागात पडली! जपानने १९७७ मध्ये रुबेलाची लस सुरू केली ती फक्त माध्यमिक शाळेतल्या मुलींसाठी. हेतू चांगला, पुढे आया होणार त्या वाचल्या. मुलगे मात्र बिनसंरक्षणाचे मोठे झाले, नोकऱ्यांना लागले, आणि २०१२-१३ मध्ये साथ आली ती मुख्यतः या तिशी-चाळिशीतल्या पुरुषांत. एकट्या २०१३ मध्ये १४ हजारांहून जास्त रुग्ण, आणि २०१२ ते २०१४ मध्ये जन्मजात रुबेलाची ४५ बाळं. ऑफिसातून घरी आणलेला विषाणू. २०१९ पासून तिथल्या सरकारने त्या वयाच्या पुरुषांना टेस्ट आणि लस फुकट द्यायला सुरुवात केली.

तेव्हा नवरोबा, तुम्हीही दंड पुढे करा. तुम्हाला महिनाभर थांबायचंही बंधन नाही.

अवांतर: बाळावर परिणाम होतो हे पहिल्यांदा लक्षात आलं तेही डोळ्यांच्या डॉक्टरला. नॉर्मन ग्रेग, सिडनी, १९४१. त्याच्याकडे एकाएकी जन्मतः मोतीबिंदू असलेली बाळं यायला लागली. त्याने ७८ बाळांचा हिशोब मांडला, तर बहुतेकांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता, आदल्या वर्षीच्या साथीत. अनेकांचा विश्वास बसला नाही. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत मोठी साथ आली, सव्वा कोट लोकांना लागण आणि सुमारे २० हजार बाळं जन्मजात रुबेला घेऊन आली, तेव्हा लशीची घाई सुरू झाली. आज जगात बहुतेक ठिकाणी जी वापरतात ती आरए २७/३ ही जात स्टॅन्ली प्लॉटकिन यांनी फिलाडेल्फियात तयार केली. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतून रुबेला हद्दपार झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं.

बिनकामाचा_नवरा | बुधवार, सकाळी ९.४१

शंका मागे घेतो. दंड पुढे करतो.

पिंपळपान | बुधवार, दुपारी १२.२०

मला लहानपणी 'गोवर' झाला होता असं आई म्हणते. तेच ना हे?

स्टेथोस्कोपवाली_मावशी | बुधवार, दुपारी २.००

नाही. गोवर वेगळा, रुबेला वेगळा, 'जर्मन गोवर' या नावाने घोटाळा करून ठेवलाय. शिवाय पुरळ बघून कोणता आजार होता ते आठवणीवर ठरवता येत नाही, पाचसहा आजारांचं पुरळ सारखंच दिसतं. कागद असेल तर खरं: लशीची नोंद किंवा आयजीजीचा रिपोर्ट.

आणि दोन्ही नसतील तर टेस्ट न करता थेट लस घेतलेलीही चालते. आधीच संरक्षण असलेल्याला लस दिली तर काही बिघडत नाही. ज्यांना टेस्टसाठी एक खेप आणि लशीसाठी दुसरी खेप जमत नाही, त्यांना मी बऱ्याचदा हेच सांगते. टेस्टच्या नादात लस राहून जाते, असं फार पाहिलंय.

चकवा | बुधवार, दुपारी ४.४५

घाबरत विचारतेय. मी एमएमआर घेतली आणि तीन आठवड्यांनी कळलं की मला दिवस गेलेत. एक नातेवाईक म्हणतात, पाडून टाक, धोका नको.

स्टेथोस्कोपवाली_मावशी | बुधवार, दुपारी ४.५८

चकवा, आधी श्वास घे. केवळ लशीमुळे गर्भ काढण्याचं कारण नाही, सगळ्या मोठ्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. अमेरिकेत १९७१ ते १९८९ दरम्यान गर्भधारणेच्या आगेमागे चुकून लस गेलेल्या बायकांची नोंदवही ठेवली होती. तिच्यातल्या ३०० हून जास्त बाळांपैकी एकालाही जन्मजात रुबेलाचं व्यंग नव्हतं. नंतर लॅटिन अमेरिकेतल्या मोठ्या मोहिमांतही हेच दिसलं. तुझ्या डॉक्टरांना लशीची तारीख सांग, नेहमीच्या सोनोग्राफी वेळेवर कर. नातेवाइकांना माझा नमस्कार.

चकवा | बुधवार, संध्याकाळी ५.०३

रडतेय. चांगलं रडणं आहे. थँक्यू मावशी.

रातराणी | शुक्रवार, रात्री ८.३०

सगळ्यांना खूप धन्यवाद. आज घेतली लस! नर्सने दोनच प्रश्न विचारले: शेवटची पाळी कधी, आणि कसली ॲलर्जी. मग एका छोट्या कुपीतल्या कोरड्या पांढऱ्या भुकटीत दुसऱ्या कुपीतलं पाणी घातलं, हलवलं, दंडाला कातडीखाली टोचलं. दहा सेकंद. यासाठी मी चार रात्री जागले.

उन्हाची_तिरीप, तुमची पोस्ट मी नवऱ्याला वाचून दाखवली. तोही घेणार आहे सोमवारी.

हट्टी_मांजर | शुक्रवार, रात्री ९.१०

शाब्बास! आता एक सांगून ठेवते म्हणजे घाबरणार नाहीस. मला दहाबारा दिवसांनी बोटांचे सांधे आणि गुडघे धरले होते, सकाळी ब्रश पकडवत नव्हता. पाचव्या दिवशी आपोआप गेलं. कुणी आधी सांगितलं नव्हतं, मी संधिवात समजून बसले.

स्टेथोस्कोपवाली_मावशी | शुक्रवार, रात्री ९.३०

खरंय. मोठ्या बायकांत साधारण चौघींत एकीला सांधेदुखी होते, लशीनंतर एक ते तीन आठवड्यांनी. मुलांत सहसा नाही. मानेत गाठी, बारीक ताप, थोडं पुरळ हेही चालतं. साधी तापाची गोळी घ्यायला हरकत नाही.

रातराणी | दोन महिन्यांनी, रविवार, सकाळी ११.००

धागा वर काढतेय. सांधे दुखले, तीनच दिवस. डॉक्टर म्हणाल्या, पुन्हा टेस्ट करणं बंधनकारक नाही, पण मला चैन पडेना म्हणून केली. आयजीजी ४१. नवऱ्याने रिपोर्ट उघडला आणि ओरडला, "अगं पॉझिटिव्ह आलंय!" शेजारच्यांना वेगळंच वाटलं असणार.

झुळूक | दोन महिन्यांनी, रविवार, दुपारी १.१५

अभिनंदन! धागा वर आलाच आहे तर विचारते. मी चौथ्या महिन्यात आहे, माझा आयजीजी निगेटिव्ह निघाला. मोठ्या मुलाची एमएमआर याच आठवड्यात आहे. त्याच्याजवळ जायचं नाही का? की त्याची लस पुढे ढकलू?

स्टेथोस्कोपवाली_मावशी | दोन महिन्यांनी, रविवार, दुपारी ३.४०

ढकलू नकोस, वेळेवर दे. लस घेतलेल्या मुलाकडून तुला लागण होत नाही, त्याला मांडीवर घे, झोपव, नेहमीसारखं सगळं कर. त्याला खरा रुबेला झाला तर तुला धोका, म्हणून त्याची लस ही तुझीही लस. पुरळ आलेल्या कुणाशी संपर्क आला तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. रक्त लगेच घेतात आणि दोनतीन आठवड्यांनी पुन्हा.

तुझी स्वतःची लस बाळंतपणानंतर, दवाखान्यातून घरी जायच्या आधी. दूध पाजत असलीस तरी चालते. आत्ताच फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव, कारण त्या दिवशी तुझ्या लक्षात राहणार नाही आणि आमच्याही राहीलच असं नाही.